उलट्या शिवणीचे पुस्तक

मी एक जुने चित्रपुस्तक आहे, मित्रांनो. आधीच सांगून ठेवते, मी रडगाणे गायला बसलेले नाही. माझे कोपरे दुमडलेले आहेत, पाठीला कापडी पट्टी आहे, आणि माझी गोष्ट चक्क उलटी शिवलेली आहे. ती तशीच राहणार आहे.

माझ्यात एका शब्दवेड्या बाईची जीवनकथा आहे. लहानपणी आईने बाजारात पाठवले की ती मीठ विसरायची आणि नवे शब्द घेऊन घरी यायची. लोहार, शिंपी, नावाडी, ज्याच्या त्याच्या दारात बसून ‘याला काय म्हणता, त्याला काय म्हणता’ असे विचारत तिने सगळ्यांना भंडावून सोडले. तिला मोठा शब्दकोश करायचा होता, पण विद्वानांच्या सभेत तिला कुणी घेईना. एका चित्रात दरवान सभेचे दार लावतो आहे आणि तिने फटीत पाय घातला आहे. पुढे ती आत गेली, कोश पुरा केला, म्हातारी झाली. शेवटच्या चित्रात खिडकीजवळ तिची रिकामी खुर्ची आहे. छापखान्यातून निघाले तेव्हा माझा क्रम असा होता.

वाचनालयात मुलांनी मला डोक्यावर घेतले. कुणी जेवताना वाचले, कुणी पलंगाखाली लपवले. इतकी माया झाल्यावर शिवण टिकणार कशी? माझे दोन तुकडे झाले. वाचनालयाची पुस्तके शिवून देणारे बाइंडरकाका हाताचे पक्के, पण ते पानांच्या आकड्यांवरून क्रम लावायचे, वाचायचे कधीच नाहीत. वाचत बसलो तर शिवणार कधी, असे त्यांचे म्हणणे. माझ्या पानांवर तर आकडेच नव्हते. त्यांनी मागचा भाग पुढे शिवला, वरून डिंकाचा हात फिरवला आणि मला मोठ्या दिमाखात परत पाठवले.

तेव्हापासून माझ्यात बाई आधी म्हातारी होते, तिची खुर्ची रिकामी होते, आणि पान उलटले की ती जन्माला येते. शेवटी ती दाराच्या फटीत पाय घालून उभी असते. मुलांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. उलट मला नेण्यासाठी भांडणे वाढली.

मग ग्रंथपालबाईंच्या लक्षात आले. त्यांनी नवी प्रत मागवली आणि काकांना बोलावून घेतले. काका ओशाळले. लगेच उसवून नीट शिवतो म्हणाले आणि चाकू घेऊन बसले. पण माझे एक पान बोटांत धरून पाहिले तसा त्यांचा चेहरा उतरला. कागद इतका विरला होता की पुन्हा सुई घातली तर चिंध्याच व्हायच्या. मग हे बाद करू, असे म्हणत बाईंनी शिक्का काढला. मला भीती वाटली नाही, राग आला. चूक शिवणाऱ्याची आणि रद्दीत मी?

मला परत करायला आलेली मुलगी टेबलाशीच उभी होती. तिला सगळे मिरची म्हणत. तिने माझ्यावर सरळ हात ठेवला.

“बाळा, हे चुकीचं बांधलंय,” बाई म्हणाल्या. “नवं ने ना.”

“नव्यात ती शेवटी मरते,” मिरची म्हणाली. “यात ती मेल्यावरसुद्धा परत येते आणि दारात पाय घालते. मला हेच पाहिजे.”

 बाईंनी उभ्याउभ्याच मला उघडले आणि पहिल्यापासून वाचून काढले. वाचून झाल्यावर शिक्का खणात ठेवला आणि काकांना सांगितले, “वरून पट्टी लावा. सुई लावू नका.” काकांनी पट्टी लावली. मग ती वाळेपर्यंत दुसरे काही काम नाही म्हणून मला चाळू लागले, आणि वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी उठले नाहीत.

नवी प्रत आता माझ्या शेजारीच असते. तिचे माझे भांडण नाही. ती कोरी करकरीत उभी असते, आणि मी बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरी असते.

मित्रांनो, पुस्तक फाटले तर चिकटवा, भिजले तर वाऱ्यावर वाळवा, हात धुऊन उघडा. पण आम्हाला सरळ करण्याच्या नादात आमचा जीव घेऊ नका. ही विनंती नाही, बजावून सांगते आहे. आणि ज्याला मी चुकीचे पुस्तक वाटते, त्याने आधी मला शेवटपर्यंत वाचावे. मग बोलू.