दीपमालाची आखूड मानेची गिटार

सुजितने दीपमालाला बँडमधून काढलं ते सगळ्यांच्या देखत, चहाच्या सुट्टीत. तो लाइनचा सुपरवायझर, आणि कंपनीच्या बँडचा म्होरक्याही तोच.

"आधी गिटार बदल," तो म्हणाला. "डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते. याला बेस म्हणतात का?"

ड्रमवाला शादाब सोडला तर सगळे फिदीफिदी हसले.

चार वर्षं! चाकणच्या त्या कंपनीत दिवसभर गाड्यांच्या वायरी जोडायच्या, शिफ्ट संपली की कँटीनमागच्या खोलीत तालीम करायची आणि दरवर्षी फॅमिली डेला स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात उभं राहून बेस, म्हणजे गाण्याखालचा जाड सूर, वाजवायचा. इतक्या दिवसांत कुणाला खडे ऐकू आले नव्हते. ते ऐकू आले सुजितचा मेहुणा भैरू स्टोअरला चिकटल्यावर. भैरूला स्टेजवर मिरवायची हौस, आणि त्याच्या ताईची घरी सुजितमागे भुणभुण. पण एवढं सरळ बोलायला छाती लागते हो! सुजितने गिटारीच्या नावावर बिल फाडलं.

दीपमालाचं डोकं असं तापलं की त्या दिवशी तिने डबासुद्धा उघडला नाही. गिटार स्वस्तातली होती, हे खरंच. आखूड मानेची, कारण तिची बोटं लहान. लाइनवरची मैत्रीण रुपाली म्हणाली, "नवीन घे आणि मार त्याच्या तोंडावर."

"नवीन कशाला? हिच्या आवाजाचं निमित्त करून काढलं ना मला? मग हिच्याच आवाजाने त्याची जिरवते."

दापोडीत इब्राहिमचाचांचं पंख्यांच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. दीपमालाने गिटारीचा पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, काढून त्यांच्यापुढे ठेवला. चाचांनी चष्मा वर केला. "अगं बेटा, पंखा काय न् हे काय, चुंबक न् तार! पण ही गुंडाळणारा झोपेत होता बघ."

चार रविवार खर्चून त्यांनी केसाहून बारीक तार नव्याने गुंडाळली. आतल्या सगळ्या वायरी उपटून दीपमालाने नव्या सोल्डर केल्या; ते तर तिचं रोजचंच काम. खरखर शिरू नये म्हणून आतून तांब्याची पट्टी चिकटवली, सूर उतरवणाऱ्या खुंट्या बदलल्या. प्रत्येक स्क्रू पिळताना ती मनात सुजितचा उद्धार करत होती.

गिटार पहिल्यांदा वाजली तेव्हा चाचांनी हातातला पाना खाली ठेवला, इतका भरदार आवाज. पण दुसऱ्याच मिनिटाला दीपमाला ओशाळली. तिच्या स्वतःच्या चुका तिला ऐकू येत होत्या. आधी त्या खरखरीत बुडून जायच्या. आता बोट जरा घसरलं की लगेच चारचौघांत उघडं. मग पंधरा दिवस तिने घासून घासून हात साफ केला.

फॅमिली डेच्या दोन दिवस आधी ती तालमीला गेली आणि एक गाणं वाजवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"वा, दीपाताई!" शादाब म्हणाला.

सुजितचा चेहरा पडला, पण माणूस निर्लज्ज. "आवाज एक नंबर झालाय. पण आता भैरूची गाणी बसलीत ना. लांब मानेच्या गिटारीवर त्याची बोटं पुरत नाहीत. असं कर, त्या दिवसापुरती ही त्याला दे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दीपमालाच्या जिभेवर शिवी आली होती. तेवढ्यात तिने भैरूकडे पाहिलं. दोन महिने हा बाबा आवाज नुसता घुमवत होता, आणि त्या घुमण्याखाली काय काय चुकत होतं ते शिफ्ट सुटल्यावर कँटीनमागून जाताना तिच्या कानांना बरोबर कळत होतं.

"घ्या की," ती गोड हसून म्हणाली. "कंपनीचाच कार्यक्रम आहे."

रविवारी दुपारी मांडव गच्च भरला. दीपमाला रुपालीशेजारी तिसऱ्या रांगेत बसली. पहिल्याच गाण्यात भैरूची चूक थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. मग दुसरी, मग तिसरी. मोठे साहेब अर्जुनराव कपाळाला आठ्या घालून बसले, पोरं भैरूची नक्कल करायला लागली. दीपमालाला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. भैरूची थोडी कीव आली. सुजितची मुळीच नाही.

दोन गाण्यांनंतर सुजित घामाघूम होऊन खाली आला. "दीपमाला, चल वर. इज्जत चाललीय."

"मला का काढलं ते माइकवर सांगा. खरं खरं."

"आत्ता?"

"आत्ता."

तो पाय ओढत वर गेला. "आमच्या दीपमालाताई... गिटार खराब म्हणून नव्हतं काढलं त्यांना. मला मेहुण्याला घ्यायचं होतं. चूक माझी."

मागून शिट्ट्या आल्या, टाळ्या पडल्या. दीपमाला स्टेजवर चढली. भैरूने मुकाट्याने पट्टा गळ्यातून काढून दिला. तिने गिटारीची वायर उपटली, गिटार खांद्याला अडकवली आणि पलीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरली.

"अगं ए!" सुजित माइकवरच ओरडला.

ती गेटपाशी पोचली तेव्हा नाइलाजाने पुढचं गाणं सुरू झालं होतं. गाणारा होता, ड्रम होते, कीबोर्ड होता, आणि गाण्याला बूडच नव्हतं. चार वर्षं ती त्या आवाजाच्या आत उभी राहिली होती. आपल्यावाचून तो कसा लागतो हे तिला कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं.

"बसताय का, ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

"थांब जरा, भाऊ," ती म्हणाली, आणि गाणं संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.