बिनखुणेचे साठ नान

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. नान तंदूरमध्ये लावण्याआधी त्याच्या मधोमध मला दाबतात. माझ्या टोकाला लोखंडी खिळे आहेत. त्यांनी भोके पाडली की नानाचा मधला भाग फुगत नाही आणि त्यावर डाळिंबाच्या फुलाची नक्षी उठते. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे. पाच पिढ्यांच्या बायकांच्या तळव्यांनी ती घासून गुळगुळीत केली. सध्या मी मध्य आशियातल्या खीवा शहराच्या तटाबाहेर, नझीरा नावाच्या म्हाताऱ्या शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात असतो.

मला घडवले बरातअलीने. तो इराणकडच्या खुरासानातला सुतार. धाड घालणाऱ्या घोडेस्वारांनी त्याला शेतातून उचलले, वाळवंटातून चालवत आणले आणि खीव्याच्या बाजारात विकले. अवाज बाय नावाच्या जमीनदाराने त्याला घेतले आणि पहिल्याच दिवशी त्याचे नाव बदलले. नवे नाव होते तोख्ता. तोख्ता म्हणजे 'थांब'. गुलामाने पळू नये म्हणून नावातच हुकूम घालून ठेवलेला!

त्याच घरात शहरबानू होती. तिला बारा वर्षांची असताना पकडून आणले होते आणि तंदूरवर बसवले होते. एके दिवशी तिने सांडलेल्या पिठात बोटाने एक फूल काढले.

"हे काय?" बरातअलीने विचारले.

"माझी आई नानावर असं फूल उठवायची. आता तिचा चेहरा नीट आठवत नाही. फूल तेवढं आठवतं."

बरातअलीने अक्रोडाचा एक टाकाऊ तुकडा उचलला, मोडके खिळे कापले आणि तिने काढले होते तसेच बसवले. असा मी जन्मलो. पुढे मालकाच्या परवानगीने त्या दोघांचे लग्न झाले. त्यांना मासूमा झाली. आईबाप गुलाम, म्हणून मासूमाही जन्मतःच मालकाची.

मासूमा नऊ वर्षांची झाली, तेव्हा अवाज बायच्या लेकीचे लग्न ठरले. सासर हजारास्पचे, पायी दोन दिवसांवर. आंदण म्हणून दोन उंट, सहा गालिचे आणि मासूमा द्यायचे ठरले.

पाठवणीच्या सकाळी मालकीण तंदूरपाशी आली. "शहरबानू, रडारड नकोय हं. शुभकार्य आहे. मान वर केलीस तर याद राख, पोरीच्याच पाठीवर वळ उठतील."

शहरबानूने मान वर केली नाही. अंगणात गाडी जुंपली. "आई! आई गं!" मासूमा हाका मारत होती. शहरबानू मला घट्ट धरून एकाच नानावर पुन्हा पुन्हा दाबत राहिली. त्या नानाची चाळण झाली. गाडी गेली तरी ती दाबतच होती. मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा मला वाटले, मी घडलोच नसतो तर बरे झाले असते.

पाच वर्षांनी रशियाची फौज खीव्यात शिरली आणि खानाने दवंडी पिटवली, की आजपासून कुणी कुणाचा गुलाम नाही. लोक रस्त्यावर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले. खुरासानला परतणाऱ्यांचा तांडा जमू लागला. बरातअली मात्र आधी हजारास्पला धावला.

पाचव्या दिवशी तो एकटाच परतला.

"कुठाय माझी पोर?" शहरबानूने विचारले.

त्याने खांद्यावरचे गाठोडे खाली ठेवले. मग म्हणाला, "मला बघून म्हणाली, 'बाबा, तुम्ही चुकीच्या दारात आलात.' तिला आपली भाषा येत नाही आता. तुझं नाव घेतलं तर म्हणाली, 'मला नेत होते तेव्हा आई तिथंच होती. तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.'"



तांडा निघायच्या दिवशी शेजारचा हसन गाठोडे पाठीवर टाकून दारात आला. "अरे बरातअली, चल की! वीस वर्षं गावाचं नाव घेत झोपलास, आणि आज पाय का मोडलेत?"

शहरबानू म्हणाली, "तुम्ही जा. तुमच्या आईची कबर तरी बघाल. मी पोरीला टाकून कुठं जाऊ? एकदा मान वर केली नाही. आता पाठ कशी फिरवू?"

बरातअलीने हसनला मिठी मारली. "माझ्या गावाला माझा सलाम सांग," म्हणाला आणि घरात येऊन दार लावले. त्या तांड्यातले पुष्कळजण वाळवंटातच लुटले गेले, मारले गेले. हसन गावी पोहोचला की नाही, कधीच कळले नाही.

त्या दोघांनी तटाबाहेर स्वतःचा तंदूर घातला. बरातअली दर ईदेला हजारास्पला जाई, परक्याच्या दारात मासूमासाठी नान ठेवी आणि परत येई. असे नऊ वर्षे चालले. मग तो वारला. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी एक विधवा बाई कडेवर पोर घेऊन तंदूरपाशी आली. तिने ओळख सांगितली नाही. नुसती उभी राहिली.

"आई," अखेर ती म्हणाली, "ही झाली आणि मला कळलं. त्या दिवशी तुला कुणीतरी दम दिला होता ना?"

शहरबानूने या वेळी मान वर केली, पण डोळे इतके भरले होते की तिला काही दिसेना. मासूमाने आईच्या हातातून मला घेतले आणि उरलेले नान तिने लावले.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण दवंडीने साखळ्या तुटतात, लोकांच्या जिभा थांबत नाहीत. तुमच्या भाषेत कुळ म्हणजे घराणे. आमच्याकडे कुल म्हणजे गुलाम. मासूमाच्या लेकीला आळीत 'कुलाची पोर' म्हणत. तिची लेक इनोबत, तिलाही तेच. राज्य बदलले, लाल झेंडे आले, सगळे समान आहेत असे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले गेले. इनोबतची मुलगी नझीरा त्याच शाळेत शिकली आणि तिथेच शिक्षिका झाली.

आळीतल्या सापार नावाच्या इंजिनियर मुलाचे तिच्यावर मन बसले. तिचेही त्याच्यावर. पण सापारच्या आजीने, रोझियाबाईने, इनोबतला घरी बोलावून चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितले, "पोरगी सोन्यासारखी आहे गं. पण सोयरीक करताना हाड बघावं लागतं ना? लोक काय म्हणतील?"

सापार काही दिवस तटाशी उदास उभा राहिला. मग तोही घरच्यांच्या हो ला हो म्हणाला.

आणि महिन्याभराने त्याची आत्या हसत हसत दारात हजर. "इनोबत, आमच्या सापारचं लग्न आहे. साठ नान लागतील. तुमच्यासारखं फूल बाई कुणाच्याच हाताला नाही!"

इनोबतचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तोच नझीरा म्हणाली, "देऊ की. सकाळी मीच घेऊन येते."

पहाटे तिने साठ गोळे थापले. मी शेजारी फडक्यावर पडून होतो. तिने मला उचलले, क्षणभर गालाला लावले आणि परत ठेवून दिले. एकाही नानावर तिने मला दाबले नाही. तंदूरमध्ये ते सगळे टम्म फुगले, आतून पोकळ.

जाताना तिने मला ओढणीच्या टोकात बांधून घेतले. मांडवात रोझियाबाईने टोपलीवरचे कापड उचलले आणि ओरडली, "अगं, हे काय? फूल कुठंय?"

"आजी, ते फूल माझ्या खापरपणजीच्या आईचं," नझीरा म्हणाली. "आमच्या हाडाचंच म्हणा ना. तुम्हाला आमचं हाड नको होतं. म्हणून बिनखुणेचे आणलेत."

 सापारने खाली घातलेली मान वर केली नाही. कुणी तिला 'बस' म्हटले नाही आणि तीही थांबली नाही. घरी येऊन मात्र ती इनोबतच्या मांडीत डोके खुपसून इतकी रडली, की तिच्या ओढणीसकट मीही भिजलो.

त्यानंतर वर्षभर आळीतून कुणी नान मागवले नाहीत. नझीराने लग्न केले नाही. चाळीस वर्षे तिने त्याच आळीतल्या मुलांना वाचायला शिकवले. त्यात सापारची मुलेही होती. त्यांना तिने कधी वेगळे वागवले नाही.

मित्रांनो, मला तेल लावून जपा, कपाटात मांडा, असे मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे. एक दिवस चुलीत जाईन. पण तुमच्याही गावात कुणी असेल, ज्याच्या हातचे तुम्हाला चालते आणि ज्याच्या घरची सोयरीक चालत नाही. त्याच्या आजीला कुणी, कुठून, कसे आणले होते, हे एकदा त्याच्या घरी जाऊन विचारा. तो सांगेपर्यंत तिथेच बसा. आणि ऐकताना मान खाली घालू नका.