बाळंतिणीचा विस्तव

दालावनने बाजेवर निजायला साफ नकार दिला, तरी तिची सासू बुआलाई बाजेखाली लाकडं रचतच राहिली. सून सातव्या महिन्यात होती तेव्हापासून तिने ती फोडून, वाळवून ठेवली होती.

"आई, इथे नको."

"मग कुठे? आभाळात?"

लाओसच्या त्या डोंगरपठारावर बाळंतिणीने विस्तवावर अंग शेकायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ओलं अंग सुकलं की दूध उतरतं. आणि दूधच तर उतरत नव्हतं. दृष्ट लागू नये म्हणून सगळे जिला बेडकी म्हणत, ती पोर काल टाहो फोडत होती. आज नुसती कुरकुरत होती. दालावनला टाहोपेक्षा या कुरकुरीची धास्ती जास्त वाटत होती. बाळाची टाळू खोल गेलीय का, हे ती घटकेघटकेला बोटाने चाचपून बघे, आणि आपलंच बोट खोटं बोलतंय असं तिला वाटे.

पण जागा नवी होती. नवऱ्याच्या काकांनी दिलेला गावाबाहेरचा तुकडा. जुनं घर मोडून त्याचेच खांब इथे आणून रोवले होते. जमिनीत पडून राहिलेले बॉम्ब शोधणारं पथक शाळेपर्यंत, भातखाचरांपर्यंत आलं होतं. इथे सुगीनंतर येतो म्हणाले होते.

"खांबांचे खड्डे मीच खणले ना?" तिचा नवरा सोम्फेत म्हणाला. "काही निघालं का?"

"खांब थंड असतो, सोम्फेत. आग खाली उतरते."

कॉलेजात तिच्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहायची. सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिच्या घरच्यांनी अंगणात नवी चूल मांडली होती. जमीन तापत गेली आणि खाली निजलेली बोंबी जागी झाली. चेंडूएवढ्या त्या बॉम्बला सगळे बोंबीच म्हणत, घरातल्या लाडक्या पोरीला हाक मारावी तसं.

"कॉलेजात हेच शिकवलं का?" बुआलाई लाकडावर लाकूड आपटत म्हणाली. "पोर उपाशी मारायचं?"

"आई!" सोम्फेत ओरडला.

"तू गप्प बस. तुझ्याआधी मला एक झाला होता." ती सुनेकडे वळली. "गुहेत झाला. वर दिवसभर अमेरिकेची विमानं. धूर दिसला की टाकलाच त्यांनी बॉम्ब. म्हणून आग नाही. रात्रीसुद्धा नाही. गुहेतून पाणी ठिबकायचं आणि मी तशीच ओली पडलेली. दूध आलं नाही. भात चावून त्याच्या तोंडात घालायचे, तो बाहेर यायचा. पुनव काही त्याला दिसली नाही." तिने श्वास घेतला. "एकाला त्यांनी असं नेलं. आता दुसरीला तू नेऊ नकोस."

घरात इतकी वर्षं हे कुणी उच्चारलं नव्हतं. दालावनने कॉलेजात वाचलं होतं ते निराळं होतं: युद्ध शेजारच्या व्हिएतनामचं, त्यांची रसद आपल्या रानातून जायची, म्हणून बॉम्ब इथे. आणि तिकडे टाकायला जागा सापडली नाही, तर परतताना उरलेसुरले इथेच ओतायचे, पाहुण्याने जेवून उठताना खरकटं शेजाऱ्याच्या दारात टाकावं तसं. आपल्याशी तर अमेरिकेने युद्ध जाहीरही केलं नव्हतं. परीक्षेत यावर तिला चांगले गुण मिळाले होते. त्यातलं एक अक्षरही आता म्हातारीपुढे काढायची तिला लाज वाटली.

"आई," ती म्हणाली, "तेव्हा आग लावली की वरून पडायचे. तेच आता खाली आहेत. मी शेक घेते. अख्खा महिना घेते. पण या मातीवर नाही."

बुआलाईने रचलेली लाकडं एकेक करून उचलली, बाज ओढून बाहेर काढली आणि खाली काय आहे ते बघायला कोपऱ्यातली कुदळ घेतली.

"मी खणतो," सोम्फेत पुढे झाला.

"सर बाजूला. पोरीला बाप लागेल. आजी काय, असली तर असली. बाज, लाकडं उचल आणि दोघं रस्त्यावर जा. जा म्हणते ना!"

रस्त्यावरून दालावनला म्हातारीची फक्त पाठ दिसत होती, खालीवर होणारी. तिने बेडकीचे कान तळहातांनी झाकून धरले. उशिरा कधीतरी ती पाठ थांबली.

अंड्यांची टोपली ठेवावी तशी बुआलाईने कुदळ खाली ठेवली आणि आपल्याच पावलांवर पाय देत मागे मागे रस्त्यापर्यंत आली.

"गोल आहे, गंजकं. बोंबी असेल, नसेल. मी काही नाव-गाव विचारत बसले नाही."

सोम्फेत गावप्रमुखाकडे सायकल हाणत गेला. आता जायचं कुठे? बाळंतिणीचा विस्तव परक्या घरात पेटवला तर त्या घरचे देव रागावतात; दार कोण उघडणार? दालावनच्या मांडीवर बेडकी कुरकुरायचीही थांबली होती.

"बाज इथेच टाकते," बुआलाई म्हणाली.

"रस्त्यावर?"

"यावरून रोडरोलर फिरलाय, ट्रक फिरतात. यापेक्षा खात्रीची जमीन दाखव मला."

तिने भर रस्त्यात विस्तव पेटवला. दालावन बाजेवर आडवी झाली. पाठीला धग लागली तसं तिला रडू फुटलं. थोड्याच वेळात लाकडांनी भरलेला एक ट्रक येऊन थांबला आणि भोंग्यावर भोंगे वाजू लागले.

"ओ म्हातारे! रस्ता काय तुझ्या बापाचं स्वैपाकघर आहे?"

"बाळंतीण आहे. बाजूने काढ."

"कुठून काढू?"

"ते काय, गवत पडलंय एवढं."

ड्रायव्हरने गवताकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना गुडघाभर, हिरवंगार. तो इंजिन बंद करून खाली उतरला आणि बाजेकडे पाठ करून रस्त्याच्या मधोमध बसला.

दालावनने बेडकीला छातीशी धरलं. पोरीने तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं.

"आलं का?" बुआलाईने विचारलं.

"नाही, आई."

म्हातारीने आणखी एक लाकूड आत सरकवलं. ट्रकच्या मागे आणखी एक ट्रक येऊन उभा राहिला होता.

"आता?"

"नाही."