ठकूबाईचं नाक आणि बयाबाईचं तूप

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर, आंबेकोंड नावाची वीसेक घरांची वाडी होती. तिथल्या बायका नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी दोनदा विचार करीत, पण ठकूबाईच्या नाकावर मात्र डोळे मिटून विसंबत. आगोट आली, घराघरांत पावसाळ्याची बेगमी सुरू झाली, की तेलाचे बुधले आणि तुपाच्या बरण्या काखोटीला मारून सगळ्याजणी तिच्या ओटीवर जमत. ठकूबाई एकेका भांड्यावर वाकायची, एकच श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. हे गौरीगणपतीपर्यंत जाईल, हे नागपंचमीच्या आत संपवा, हे आजच दिव्यात घाला. त्यावर दाद मागायची सोय नव्हती.

आणि हे नुसतं कौतुक नव्हतं बरं का. एकदा सावित्री नदीला पाणी चढलं की महाडची वाट बंद. मग घरात जे तेल असेल ते खायचं, खवट असेल तर खवट खायचं, आणि पोरांनी ताट सरकवलं की डोक्याला हात लावून बसायचं. म्हणून आगोटीच्या वेळी घेतलेला एक वास चार महिन्यांचं जेवण ठरवायचा.

ठकूबाईला हे पुरतं ठाऊक होतं. मुळात ती स्वतःविषयी शंका घेणाऱ्यांतली नव्हतीच. तेल कुठलं घ्यावं, कशात ठेवावं, यावर ती असं बोलायची की शास्त्रीबुवांनीही मान खाली घालावी. "जुन्या तेलात नवं वतू नको गो, म्हातारीच्या खोकल्यासारखं तं नव्यालाबी लागतं." "वली पळी बरनीत घातलीस तं तुझा हात मोडून ठेवीन." रॉकेलच्या रिकाम्या डब्यात गोडं तेल भरणाऱ्या बाईशी ती आठवडाभर बोलत नसे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या कारळ्याचं तेल भाजीला, घाटावरून उतरलेलं करडईचं तेल तळणाला, करंजाचं कडू तेल दिव्याला आणि बैलाच्या खांद्याला. तूप मात्र घरचंच, म्हशीचं. कढवताना त्यात विड्याचं पान सोडायचं आणि बरणी चुलीपासून लांब, गारव्याला ठेवायची. नवरा महिपत म्हणायचा, "माझ्यापेक्षा बरन्यांना जपते." ते खरंच होतं, आणि ठकूबाईनं ते कधी नाकारलंही नाही.

तिची सून रखमा सवची, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा ठकूबाईनं तिला एक वाटी तेल हुंगायला दिलं होतं. पोर बावरली आणि वाटी तशीच परत केली. "सवच्या कढत पान्याच्या वाफेनं हिचं नाक शिजलंय," असं म्हणून ठकूबाईनं तो विषय मिटवला होता, आणि कोठीतल्या बरण्यांना रखमानं हात लावायचा नाही, असा नियमही त्याच दिवशी घातला होता.

यंदा शिमग्याला मुलगा सहदेव मुंबईच्या गिरणीतून आला, पालखी नाचवून परत गेला. तो गेला आणि ठकूबाईला पडसं धरलं. पडसं म्हणजे साधंसुधं नव्हे, पार कानशिलं ठणकावणारं. आल्याचा काढा झाला, निर्गुडीचा शेक झाला. पडसं गेलं, आणि जाताना वास घेऊन गेलं.

तिला ते कळलं सुकटीमुळे. चुलीवर तव्यात सुकट भाजत ठेवून ती शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. एवढ्यात रखमा अंगणातून धावत आली, पदरानं तवा ओढून खाली घेतला. सुकट जळून कोळसा झाली होती, घर धुरानं भरलं होतं, शेजारचा कुत्रासुद्धा दारात येऊन उभा होता. आणि ठकूबाई तव्यापासून दोन हातांवर बसून खडे वेचत होती.

"डोळा लागला गो जरा," ती म्हणाली.

रखमानं तवा घासला.

त्या दुपारी ठकूबाईनं कोठीचं दार आतून लावून घेतलं आणि एकेक बरणी उघडून पाहिली. तूप हुंगलं, खोबरेल हुंगलं, हिंगाची डबी थेट नाकाला लावली. काही नाही. नुसती हवा. नाक होतं जागच्या जागी, पण आता ते नथ अडकवण्यापुरतंच. ठकूबाई बरण्यांमध्ये बसून रडली. ज्या बाईनं नवऱ्याच्या आजारपणात डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती हिंगाच्या डबीसाठी रडली. वाडीत तिला ओळखत होते ते त्या नाकामुळे. तेच गेलं तर ती उरली कोण? महिपतची बायको, सहदेवची आई, अशा तर वाडीत घरटी एकेक होत्या.

मग तिनं तोंड धुतलं आणि ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही.

वैशाखात महाडची खेप निघाली. चार घरांचं तेल एकत्र घ्यायचं, बैलगाडीत घालून आणायचं, ही रीतच होती. निवड अर्थात ठकूबाईची. दरसाल ती एकटी जायची, यंदा म्हणाली, "रखमा, तूबी चल. शिकशील काय तरी." रखमानं मान हलवली आणि डोक्यावरून पदर घेतला.

मुरारशेटच्या दुकानात घाटावरच्या करडईचे चार डबे मांडले होते. मुरारशेट हसत उठला. "या ठकूबाई, तुम्ही आलात म्हणजे आमची परीक्षाच. पहिल्या डब्याचं झाकण काढतो."

ठकूबाई वाकली. श्वास घेतला. हवा. तिनं बोटावर थेंब घेऊन तळहातावर चोळला, जिभेला लावला. रंग बरा, चिकटपणा बरा. पण खवटपणाची पहिली चाहूल रंगात नसते, ती वासातच असते, आणि हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मान वर केली, तर समोर रखमा उभी, आणि रखमाचं नाक बारीक आक्रसलेलं. क्षणभरच.

"नको ह्यो," ठकूबाई ठणकावून म्हणाली. "खालचा गाळ मिसळलाय ह्यात."

मुरारशेटचा चेहरा पडला. "तुमच्यापुढे काही लपत नाही बाई," तो म्हणाला आणि डबा मागे सरकवला.

दुसऱ्या डब्याला रखमाचा चेहरा शांत. तिसऱ्यालाही. चौथ्याला पुन्हा नाक आक्रसलं. ठकूबाईनं दुसरा आणि तिसरा डबा गाडीत चढवला, आणि परतीच्या वाटेवर ती इतकी खुशीत होती की बैलांना हाकण्याचं कामही तिनंच केलं. नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणतात. पण मोत्याला आपलं वजन ठाऊकच नसेल तर भीती कसली, असा तिचा हिशेब होता. शिजलेल्या नाकाची म्हणून जिला हिणवलं, तिच्याच नाकावर आता सासूचा संसार उभा होता, आणि सुनेला त्याचा पत्ता नाही, असं सासूला वाटत होतं.

आठ-दहा दिवसांनी ओटीवर बायका जमल्या. ठकूबाईनं बैठक अशी मांडली की रखमा बरोब्बर समोर येईल. "तू झाकनं काढ," तिनं सुनेला काम लावून दिलं. पहिलं भांडं भागोजीच्या घरचं, खोबरेलाचं. रखमानं झाकण काढलं, चेहरा शांत. "गौरीपर्यंत जाईल," ठकूबाई म्हणाली. दुसरं चांगूच्या सुनेचं कारळ्याचं तेल. रखमाच्या कपाळाला बारीक आठी. "श्रावणाच्या आत संपव." सगळं सुरळीत चाललं होतं. उन्हं वर येत होती, आणि ठकूबाईचा आवाज भांड्यागणिक चढत होता.

मग बयाबाईनं आपली बरणी पुढे ठेवली.

बयाबाई शेजारीण. जिभेची तिखट, पण मनाची सरळ. तिची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला श्रावणात माहेरी यायची होती. तिच्यासाठी बयाबाईनं थंडीपासून थोडं थोडं तूप कढवून साठवलं होतं. घरातल्या पोरांच्या भातावर थेंब पडू दिला नव्हता. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतिणीचा मऊ भात, सगळं त्या एका बरणीवर अवलंबून होतं.

रखमानं फडकं सोडलं. ठकूबाई वाकली, सराईतपणे श्वास घेतला आणि वर पाहिलं. रखमाचा चेहरा पार वाकडा झाला होता. तिनं पदर तोंडावर घट्ट दाबून धरला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

इतकं वाईट! ठकूबाईला खरंच वाईट वाटलं. "बया," ती म्हणाली, "हे गेलं गो. पार खवट झालंय. दिव्याला लाव."

बयाबाईनं बरणी मांडीवर ओढून घेतली.

"काय बोलतेस?" बयाबाई म्हणाली. "मागच्या हप्त्यात सगळं पुन्हा कढवलंय मी. पान घालून कढवलंय. तुझ्यासारखंच."

"पानी ऱ्हायलं असंल लोन्यात."

बयाबाईनं बरणी शेजारी बसलेल्या बाईच्या नाकाशी नेली. "तू बग. येतो का वास?"

त्या बाईनं हुंगलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते साऱ्यांना दिसत होतं. पण तिनं ठकूबाईकडे पाहिलं, आणि तिची जीभ अडखळली. "जरा... येतो काय तरी."

"व्हय," दुसरी म्हणाली. "आत खोल कुठं तरी येतो."

"ठकूबाईला येतो तो वास आपल्याला कुठला यायला!" तिसरीनं निकाल पक्का केला.

बयाबाईनं बरणी परत मांडीवर घेतली. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटनं आलं," ती पुटपुटली, आणि फडकं बांधू लागली. "तुळसाला काय घालू आता?" ती उठली. दिव्यात घालायला म्हणून ती तूप घेऊन निघाली. ठकूबाई म्हणाली म्हणजे तसंच असणार, एवढी तिची खात्री.

तेवढ्यात रखमा उठली, पडवीच्या कडेला धावत गेली आणि भडाभडा ओकली.

ठकूबाईनं तिच्याकडे पाहिलं. शिमगा. सहदेव. सकाळपासून सुनेनं भाकरीला हात लावला नव्हता. ठकूबाईनं स्वतः एक बाळंतपण काढलं होतं, आणि त्या दिवसांत तिला चांगल्या तुपाचा वास सर्वांत आधी नकोसा झाला होता.

तिला सगळं कळलं, आणि हेही कळलं की गप्प बसलं तर काहीच बिघडत नाही. सून ओकली, दिवस गेलेत, म्हणून तोंड गोड करायचं. तिचं नाक वाडीत जिथल्या तिथं राहिलं असतं. फक्त एक चांगलं तूप दिव्यात जळलं असतं, आणि तुळसा कोरड्या भातावर बाळंतपण काढती.

बयाबाई पायरी उतरत होती.

"बया, थांब!" ठकूबाई ओरडली. असं ओरडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. "तुझ्या तुपाला काय झालेलं नाय. माझं नाक गेलंय."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"चैतातल्या पडशापासून मला शेनाचा वास येत नाय का सुकटीचा येत नाय. आजपातूर सगळं रखमाच्या तोंडाकडं बगून सांगितलं. तिचं नाक हललं तं खवट, नाय हललं तं चांगलं. महाडचं तेलबी तिच्याच नाकानं घेतलंय, आनी उत्तम घेतलंय, त्यात काय शंका नको. आज तेवढं तिचं नाक तिच्या ताब्यात नाय. तिला दिवस गेलेत. तिला आज चंदन हुंगवलं असतंस तरी वकली असती."

एवढं सगळं तिनं ताठ मानेनं सांगितलं. मग मात्र तिनं मान खाली घातली. "तुज्या लेकीचं तूप मी जाळायला लावीत होते गो."

बयाबाई पायरीवर उभी. राग येण्यासारखंच होतं, आणि तो आला. "मेले! म्हंजे मी त्या दिव्यात—" ती म्हणाली. मग रखमाकडे तिची नजर गेली. पोर खांबाला धरून उभी होती, घामानं भिजलेली. बयाबाईनं बरणी खाली ठेवली आणि आधी जाऊन तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"आत्या," रखमा हळूच सासूला म्हणाली, "मला सुकट जळली तवाच कळलं होतं. शेटच्या दुकानात मी मुद्दाम नाक वाकडं केलं. तुमाला दिसावं म्हनून. आज मला आवरलं नाय."

ठकूबाईनं सुनेला जवळ ओढलं आणि तिच्या ओल्या केसांवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मघाशी जिला 'आत खोल कुठं तरी' वास आला होता ती बाई आपला बुधला उचलून लगबगीनं घरी निघाली, तिला कुणी अडवलं नाही. बाकीच्या मात्र हसू लागल्या, आणि थांबता थांबेनात.

बयाबाईनं कोठीत शिरून, कुणाला न विचारता, ठकूबाईची एक रिकामी लहान बरणी उचलून आणली. पदरानं आतून कोरडी पुसली. आपल्या बरणीतलं तूप तिनं त्यात ओतायला घेतलं, धार न मोडता, गळ्यापर्यंत.

"अगो, हे तुळसाचं—"

"तुळसाला पुरून उरेल. हे तुझ्या सुनेला. सातव्या म्हैन्यात उघड."

ठकूबाई सवयीनं बरणीवर वाकली. मग अर्ध्यातच थांबली, सरळ झाली आणि शेजारणीकडे पाहून विचारलं, "कसं हाय गो?"

"चांगलं हाय," बयाबाई म्हणाली. "मी सांगते ना."

ठकूबाईनं फडकं घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा दुसरीच्या शब्दावर बरणीचं तोंड बांधलं.