यंदाच्या महालक्ष्म्या

पुराचं पाणी ओसरून बरेच दिवस झाले होते, तरी आमच्या इंद्रपुरीच्या गल्लीतला चिखलाचा वास जात नव्हता. गाद्या गच्चीवर, कपाटं रस्त्यावर, आणि ज्याचा गॅस चालू त्याच्या घरी सगळ्यांचा स्वयंपाक. शेजारच्या मिश्राभाभींशी नळावरून माझा अबोला होता. पण पहिल्या दिवशी त्याच खराटा घेऊन आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरातला गाळ उपसायला लागल्या. घरं हळूहळू धुऊन निघाली. आमचा शैलेंद्र मात्र आला नाही.

शैलेंद्र माझा धाकटा दीर. मंडीदीपला कारखान्यात नोकरी आणि आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर संसार. त्या संध्याकाळी नदीवरच्या बुटक्या पुलियावरून पाणी चाललं होतं, लोक दोन्ही बाजूंना थांबले होते, आणि या शहाण्यानं मोटरसायकल पाण्यात घातली. रोजचा रस्ता, मला काय होतंय, असं वाटलं असणार. लोकांनी त्याला वाहून जाताना पाहिलं. मोटरसायकल सापडली, तो नाही. मला आधी रडू येत नाही, राग येतो. समोर उभा राहिला असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं.

त्यात महालक्ष्म्या तोंडावर आल्या. नागपूर सोडून भोपाळला आलो तरी आमच्याकडे त्या कधी चुकल्या नाहीत. पण सुतकात बसवत नाहीत, आणि आम्हाला सुतक आहे की नाही हेच कुणाला सांगता येईना. गुरुजी म्हणाले, वाहून जाताना पाहिलंय आणि देह मिळत नाही, तर दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देता येतो. तो दिला की सुतक लागेल. म्हणजे महालक्ष्म्या बसवल्या तर शैलेंद्र आहे, आणि नाही बसवल्या तर आम्हीच त्याला नाही म्हटलं.

आमचे हे, प्रभाकर, रोज सकाळी नदीकाठानं हिंडून यायचे. भावाला यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. एके दिवशी चिखलाचे बूट न काढताच पायरीवर बसले.

"रजनी, उरकून टाकू," म्हणाले. "कांचनला किती दिवस असं टांगून ठेवायचं?"

"उरकायला ती काय पाण्याची टाकी धुवायची आहे?" मी म्हणाले.

कांचन, शैलेंद्रची बायको, जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "दादा, महालक्ष्म्या बसवायच्या," ती शांतपणे म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल ते."

यांनी मान डोलावली. मला वाटलं, पोरीची आशा सुटत नाही. माझी कधीच सुटली होती, पण तिची तोडायला माझी जीभ रेटेना.

मुखवटे माळ्यावर होते म्हणून वाचले. ते ज्यांवर बसतात त्या लोखंडी कोठ्यांत गाळ भरला होता. मिश्राभाभींनी पाइप लावून त्या धुऊन दिल्या. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि बाजारात धड चारही मिळेनात. मग गल्लीच कामाला लागली. कुणी पडवळ आणलं, कुणी घोसाळी, कुणी मूठभर अंबाडी. "भाभीजी, ये हमारी तरफ़ से भिंडी," मिश्राभाभी म्हणाल्या, "अब गिनो, सोलह हुईं कि नहीं." झाल्या.

आवाहनाच्या दिवशी थोरलीचा मुखवटा मी घेतला, धाकटीचा कांचननं. फरशी अजून ओली होती, कुंकवाची पावलं काढावी तशी फिसकटत होती. उंबऱ्यावर विचारतात तसं यांनी विचारलं, "काय घेऊन आलात?" मी तोंड उघडायच्या आत कांचननंच उत्तर दिलं, "धनधान्य घेऊन आलो, सौभाग्य घेऊन आलो." आवाज जराही कापला नाही.

दुसरा दिवस जेवणाचा. सवाष्ण म्हणून दरवर्षी बरखेड्याच्या शशिकलाबाई बसतात. सकाळी पुरण वाटता वाटता कांचन म्हणाली, "ताई, यंदा सवाष्ण मी बसते."

"बस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शशिकलाबाईंनी मला बाजूला घेतलं. "रजनी, असं चालतं का गं? देवाचं काम आहे."

"माझ्या घरात मी म्हणेन ते चालतं," मी म्हणाले. "तुम्ही पंगतीत बसा." त्या बसल्या, पण तोंड फुगवून.

कांचन लग्नातला शालू नेसून खाली आली. हातभर हिरव्या बांगड्या. तिला पाटावर बसवून मी कुंकवाचा करंडा उघडला आणि खाली वाकले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, घाई करू नका," ती माझ्यापुरतंच बोलली. "सवाष्ण म्हणून शेवटचं आहे. नीट लावा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आशा नव्हतीच. ती मीच तिच्या माथी मारली होती.

"मला पहिल्या दिवसापासून कळलंय," ती म्हणाली. "उद्या विसर्जन झालं की दादांना गुरुजींकडे पाठवा. तो विधी झाल्यावर मला कुणी या पाटावर बसवणार नाही. एकदा बसायचं होतं, बस."

मी बोट कुंकवात बुडवलं. कुंकू वाकडं लागलं, ते पदरानं पुसलं आणि पुन्हा लावलं. ओटी भरली. खरं तर सवाष्णीच्या पाया यजमानीण पडते, पण मी वाकायच्या आत तीच उठली आणि थोरल्या जावेच्या म्हणून माझ्या पाया पडली. माझा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अखंड सौभाग्यवती हो."

ती तशीच वाकलेली राहिली, आणि मला तिच्या पाठीवरचा हात काढता येईना.