टाका बसेना

मी भिसेगावातल्या चंद्राबाईंची शिलाई मशीन बोलतेय. काळं लोखंडी अंग, त्यावर कधीकाळी सोनेरी वेल होती. आता जिथे कुणाचा हात लागत नाही, तेवढ्या कोपऱ्यात दोन पानं उरलीत. बोलतेय म्हणायचं एवढंच. माझं बोलणं या घरात कुणाला ऐकू आलं असतं, तर पुढचं घडलं नसतं.

मी इथे आले तेव्हाच जुनी होते. चंद्राबाईंचे यजमान काळूराम रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिन लावतात, त्या कामावर. कल्याणच्या एका शिंप्यानं दुकान बंद केलं, तेव्हा त्यांनी मला टेंपोत घालून आणलं.

"शिकलीस तर शीक, नायतर वर भांडी ठेव," ते बायकोला म्हणाले.

चंद्राबाई शिकल्या. ब्लाउज, परकर, पोरांचे गणवेश. जयंती जवळ आली की वस्तीतल्या बायका पांढरं कापड घेऊन ओटीवर बसायच्या आणि निळी किनार लावता लावता माझ्या चाकाला उसंत नसायची. शिवून झालं की चंद्राबाई कापड उलटं करायच्या आणि टाक्यांवरून बोट फिरवायच्या. वरून सगळेच बघतात, खालून कोण बघतं? त्या बघायच्या.

काळूराम गेले. मुलगा किरण मोहोपाड्याच्या कारखान्यात लागला. सून आली, दर्शना. ती कर्जतला एका दवाखान्यात कामाला जायची. कधी हौसेनं माझ्यासमोर बसली, तर सासूबाई हसून उठवायच्या.

"तू तुझी नोकरी बघ गं. ही माझ्याबिगर कुणाचं ऐकत नाय."

मला तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं.

गेल्या वर्षी होळीच्या आधी, एका परकराला नेफा घालत असताना चंद्राबाई स्टुलावरून कलंडल्या. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं ते थेट खाटेवर, माझ्या समोरच्या भिंतीला. दिवसभर त्या छताकडे बघत पडायच्या. दर्शनानं भरवलं तर खायच्या, नाहीतर नाही.

एकदा झाडताना दर्शनानं माझ्यावरची चादर काढली. चंद्राबाईंची मान वळली. नजर माझ्यावरून हलेना.

रात्री जेवताना दर्शना नवऱ्याला म्हणाली, "आईंना मशीनवर बसवू या का? त्यांचं मन तरी लागेल. पण आधी मशीन धड चालली पायजे."

तिनं मला पुसलं, तेल घातलं, नवी सुई लावली. चिंधीवर टीप मारली. वरून सरळ रेघ. चिंधी उलटली, तर खाली नुसता गुंता. दोऱ्याच्या कड्याच कड्या. तिनं मोबाईलवर बघून बघून सगळं केलं. कापड दाबून धरणारी पट्टी वर उचलून दोरा पुन्हा ओवला, बॉबिनखालचा कापसाचा भुगा काढला, बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळला. गुंता तसाच. किरणनं कामावरून येऊन वरच्या दोऱ्याचा ताण वाढवायचा स्क्रू इतका आवळला, की दोराच तुटायला लागला. थोडा ढिला केला की पुन्हा गुंता.

मग खालापूरहून पोपट मिस्त्री आले. त्यांनी चिंधी उलटीच हातात घेतली.

"खाली कड्या पडतायत ना, मंजे वरचा दोरा सैल येतोय. खालच्याचा काय दोष नाय."

दोरा ज्या दोन गोल चकत्यांमधून दाबला जातो, त्या त्यांनी सोडवल्या. दोन्हींवर खोल खाचा पडल्या होत्या.

"दोऱ्यानं लोखंड खाल्लंय, वैनी. स्प्रिंगमदी पण जीव नाय."

माझ्या जातीचं सामान आता येत नाही. त्यांनी दुसऱ्या मशीनचं बसवून पाहिलं. ते जिथे बसतं ते माझं भोक झिजून मोठं झालेलं, त्यामुळे ते थरथरायचं. वीतभर टीप नीट आली, की स्क्रू आपोआप सुटायचा.

"मला हे कळत नाय," पोपट मिस्त्री हत्यारं गोळा करत म्हणाले. "हे काय आजचं नाय. मग इतकी वर्सं टाका कसा बसत होता?"

"आईचं कधी अडलं नाय," किरण म्हणाला.

ते गेल्यावर दर्शनानं तरीही चंद्राबाईंना उचलून खुर्चीत बसवलं. "वीतभर तर वीतभर," ती म्हणाली. चाक तिनं फिरवलं. चंद्राबाईंचा डावा हात कापडावर ठेवला. टीप पुढे सरकली. चंद्राबाईंनी सवयीनं कापडाखाली बोट घातलं. कड्या लागल्या.

त्या थांबल्या. मग डाव्या हातानं स्वतःचा मेलेला उजवा हात उचलला आणि माझ्या खांद्यावरच्या दोऱ्यावर आणून ठेवला. तो घसरून मांडीवर पडला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

चकत्या झिजल्या तेव्हापासून त्या उजव्या हाताचं बोट दोऱ्यावर टेकवून शिवायच्या. कापड जाड असलं की जरा दाबून, मलमल असली की नुसतं टेकवून. ताण माझ्यात नव्हताच, त्यांच्या बोटात होता. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नसेल.

मी जीव तोडून सांगत होते, अगं दर्शना, तू बोट टेकव. तुझं बोट.

"हात दुखतोय वाटतं त्यांचा," दर्शना म्हणाली. "थकल्यात. बस आता."

किरणनं त्यांना खाटेवर नेलं. त्या दिवसापासून चंद्राबाई भिंतीकडे तोंड करून झोपतात.

माझ्यावर आता औषधं आणि पाण्याचा जग असतो. खालापुराकडच्या एका फार्महाऊसवाल्याला माझा लोखंडी सांगाडा हवाय, हात धुवायचं बेसिन बसवायला. वरचं अंग त्याला नको, ते भंगारात जाईल. दर्शनानं खाटेशी वाकून विचारलं, "आई, मशीन देऊ का?" चंद्राबाईंनी न वळता होकाराची मान हलवली. रविवारी टेंपो येणार आहे.

माझं काय व्हायचं ते होवो. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस काही करत बसलं असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. काय करतंय ते विचारू नका, त्याला ते सांगता येणार नाही. नुसते त्याच्या हातांकडे बघा.