जुबैलमधली पुणेरी सायकल

चारुताला सायकलच्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि सायकल शिकून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. पुण्याच्या माणसाची मुलगी तेराव्या वर्षापर्यंत सायकलवर बसलेली नाही, याची तिच्या वडिलांना, म्हणजे रत्नाकर आपट्यांना, मनापासून लाज वाटायची. पण सौदीतल्या जुबैलमध्ये मुलीनं सायकल चालवायची ती कंपनीच्या कंपाउंडच्या भिंतीआत, आणि त्यासाठी आधी सायकल हवी. ती मिळाली युद्धाच्या कृपेनं. इराकनं कुवेत घेतल्यापासून गोरी कुटुंबं एकेक करून निघाली होती आणि जाताना आपल्या कुंड्या, मांजरं, सायकली शेजाऱ्यांच्या गळ्यात मारत होती. आपट्यांच्या वाट्याला वाकड्या हँडलची, दहा गिअरची लाल सायकल आली. मांजरही येणार होतं, पण चारुताच्या आईनं, मंजिरीनं, त्याला दाराबाहेरच थांबवलं.

जानेवारीत युद्धाला खरंच तोंड फुटलं. शाळा बंद झाली. कंपनीनं सगळ्यांना गॅसचे मुखवटे वाटले आणि घरातली एक खोली प्लास्टिक लावून, चिकटपट्टीनं बंद करून ठेवायला सांगितली. क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी त्या खोलीत जाऊन बसायचं. संक्रांत नुकतीच झाली होती. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे मंजिरीनं ते काही सोडलं नाही. प्रश्न फक्त वाणाचा होता, कारण बाजारातली निम्मी दुकानं बंद होती. शेवटी तिनं आलेल्या प्रत्येक बाईला तिळगुळाबरोबर रुंद चिकटपट्टीचं एकेक बंडल दिलं. इतकं उपयोगी वाण आजवर कुणी लुटलं नव्हतं, असं सगळ्याजणी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघी आणखी मागायला आल्या.

त्याच आठवड्यात रत्नाकरनं जाहीर केलं की मंजिरी आणि चारुतानं पुण्याला जायचं. शनिवारी कंपनीची बस जेद्दाला निघणार होती आणि पुढचं विमान तिथून होतं. पासपोर्टवर देश सोडायच्या परवान्याचे शिक्केही बसले होते. मंजिरीनं पुण्याला सगळ्यांना येतोय म्हणून फोन केले, बॅग काढली आणि ती त्यात बदाम, साबणाच्या वड्या आणि आत्यासाठी परफ्यूम भरायला लागली. चारुतानं मात्र घर डोक्यावर घेतलं. मेंटेनन्समधले एक आयरिश साहेब बेकार बसलेल्या मुलांसाठी सायकल क्लब काढत होते. शुक्रवारी शर्यत होती आणि पहिल्या तिघांना क्लबात जागा मिळणार होती. बाबांना इथं एकटं टाकून जायचं नाही हे तिला म्हणायचं होतं, पण तेराव्या वर्षी असलं काही तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून ती क्लबबद्दल भांडली.

रत्नाकरनं थोडा विचार केला आणि चक्क एक सौदा केला. पहिल्या तिघांत आलीस तर राहा. नाहीतर शनिवारी गुपचूप बसमध्ये बसायचं. वर, शिकवायला मीच येतो, असंही तो म्हणाला. चारुताला वाटलं, आपले बाबा म्हणजे देवमाणूस.

त्या दिवसापासून देवमाणूस कामाला लागला. बाजारातल्या एका मलबारी दुकानातून त्यानं भलंमोठं लोखंडी कॅरिअर आणलं. मग स्टँड आला, साधासुधा नाही, दोन पायांचा. मग डायनामो आला, दिव्यासकट. सलवार अडकू नये म्हणून चेनकव्हर आलं. मुखवट्याचा डबा ठेवायला पुढे बास्केट आली. भोंगा वाजला की मुखवटा हाताशी हवा, या मुद्द्यावर कोण काय बोलणार? शेवटी घंटी आली, आणि तिचा आवाज असा होता की कंपाउंडचा दरवान पहिल्यांदा दचकून मुखवट्यासाठी धावला. सायकल कशी असावी हे पुणेकराला शिकवू नये, असं रत्नाकर म्हणायचा. सरावात तो चारुताला वळताना हात दाखवायला लावायचा आणि प्रत्येक चौकात पाय टेकवून दोन्हीकडे बघायला लावायचा. चौकात बघण्यासारखं एका खजुराच्या झाडाशिवाय काही नव्हतं.

स्टोअरमधल्या फकरुद्दीनभाईंचा मुलगा तल्हा याच शर्यतीत उतरणार होता. त्यांचं घर रत्नागिरीकडचं, पण पोराला बोलायला हिंदीच सोपी जायची. त्यानं लाल सायकलभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"इस पे तो तेरी पूरी फॅमिली जेद्दा जा सकती है," तो म्हणाला.

चारुता त्याच्यावर भडकली, पण घरी आल्यावर तिनं सायकल उचलून पाहिली. ती उचलली गेली नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, जड सायकल रस्ता धरून चालते. तिनं विश्वास ठेवला.

शुक्रवारी सकाळी रत्नाकर शर्यतीचा रस्ता तपासायला लवकरच बाहेर पडला. चारुता बूट घालून अंगणात आली तर मंजिरी जमिनीवर बसलेली. साडीचा पदर खोचलेला, हातात रत्नाकरचा पाना, आणि शेजारी निघालेल्या कॅरिअरवर नट नीट ओळीनं मांडून ठेवलेले. ती आता स्टँडशी झटत होती. आई काय करतेयस, बाबा रागावतील, असं चारुता म्हणाली. मंजिरीनं मान वर केली नाही.

"तुझ्या बाबांनी कॉलेजात असताना शर्यतीत दुसरा नंबर काढलाय. शर्यतीच्या सायकलला कॅरिअर नसतं, हे त्यांना कळत नाही असं वाटतं तुला?"

"मग लावलं कशाला?"

"तू हरावीस म्हणून. आपण इथून सुखरूप जावं म्हणून."

चारुताला आधी राग आला आणि मग रडू आलं, दोन्ही एकदम. मंजिरीनं तोवर स्टँड उपटला होता. डायनामो, दिवा, बास्केट, चेनकव्हर, सगळं काढून झालं. घंटी तिनं जरा जोरातच ओढली. सुटलेली वायर, लोंबणारी केबल आणि सलवारीचा घेर तिनं हळदीकुंकवातून उरलेल्या चिकटपट्टीनं गच्च गुंडाळला. मुखवट्याचा डबा चारुताच्या पाठीला बांधला, तोही पट्टीनंच.

"मी सगळ्यांना फोनवर सांगत बसले, येतोय म्हणून," ती म्हणाली. "मला जायचं नाहीये. आता पळ."

शर्यत सुरू झाली ती मागच्या फाटकापाशी. रस्ता भिंतीच्या कडेकडेनं जाणारा, पाच फेऱ्यांचा. रत्नाकर पोहण्याच्या तलावाजवळच्या वळणावर उभा होता. पहिल्या फेरीत त्यानं घोळक्यात मुलीला शोधून हात वर केला आणि सायकल दिसल्यावर तो हात तसाच वर राहिला. दुसऱ्या फेरीतही तो हात खाली आला नव्हता. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत त्यानं आधी सायकलकडे आणि मग पलीकडे उभ्या असलेल्या मंजिरीकडे बघितलं. मंजिरी भिंतीवरून जाणाऱ्या मांजराकडे बघत होती.

चारुता चौथी होती. पुढे तल्हा, त्याच्यामागे एक फिलिपिनो मुलगा आणि तिसरा एक उंच कॅनेडियन. त्याचं मागचं चाक तिला दिसत होतं, पण जवळ काही येत नव्हतं. पायांत गोळे आले होते. शेवटच्या फेरीत ती वळणावर आली आणि सवयीनं तिचा हात वळण्याची खूण करायला उठला.

तिथं रत्नाकरचा तोल सुटला. आठवडाभर आखलेला बेत, जेद्दाची बस, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं क्षणात विसरून कॉलेजातला दुसरा नंबर बोंबलला.

"अगं हात काय दाखवतेस, हँडल धर. वाक, खाली वाक. ब्रेक सोड. एक गिअर वर घे आणि आता उठून पॅडल मार."

चारुतानं हात खाली घेतला, गिअर टाकला आणि उठून मारलं. वळणावर उंच मुलानं ब्रेक दाबला आणि ती आतल्या बाजूनं निघून गेली. फाटकाशी ती तिसरी आली, आणि थांबायचं कसं हे आठवायच्या आत थेट वाळूच्या ढिगात गेली.

तिला बाहेर काढायला रत्नाकर धावत आला. त्यानं तिचे गुडघे पाहिले, मग सायकल एका हातानं सहज उचलून पाहिली. तोवर मंजिरीही आली.

"मला भीती वाटते गं," तो हळूच तिला म्हणाला.

"मलाही वाटते," मंजिरी म्हणाली. "पुण्यात बसून जास्त वाटेल."

रत्नाकरला डोळे पुसायचे होते, पण फकरुद्दीनभाई पेढे मागत समोरून येत होते. म्हणून त्यानं सायकलच्या हँडलवर गुंडाळलेली चिकटपट्टी तपासली. ती उलट बाजूनं गुंडाळली आहे, घरी जाऊन मी नीट करतो, असं म्हणाला.

"आणि माझं कॅरिअर कुठंय?" त्यानं विचारलं.

"भाईंच्या घरी, हफीजाभाभींना वाण म्हणून देऊन टाकलं," मंजिरी म्हणाली.

फकरुद्दीनभाईंनी मान डोलावली. त्यांच्या घरी त्यावर केव्हाच कुंड्या ठेवून झाल्या होत्या.